चाल सोडल्यावर उरलेलं गाणं

जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकने एकदा सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सला विचारलं होतं, तुझ्या त्या ‘बॉडी अँड सोल’च्या रेकॉर्डमध्ये गाण्याची चाल तर कुठे ऐकूच येत नाही, मग साधी, वयस्कर माणसंसुद्धा तिच्यावर एवढा जीव का टाकतात? ही आठवण पुढे हॉकिन्सनेच सांगितली. त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. ती रेकॉर्ड लोकांना एवढी का आवडावी, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटत राहिलं.

मंकचा हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आपण गाणं ओळखतो ते चालीवरून. शब्द विसरतात, गायकाचं नाव विसरतं, चाल ओठांवर राहते. आणि इथे एक माणूस टेनर सॅक्सोफोन घेऊन उभा राहतो, चालीचा पहिला तुकडा जेमतेम दाखवतो, आणि मग तिला जो सोडतो तो तीन मिनिटांत पुन्हा तिच्याकडे येतच नाही. तरीही त्या तीन मिनिटांनी ते गाणं असं रुजवलं, की पुढच्या प्रत्येक पिढीतल्या टेनरवाल्याला केव्हा ना केव्हा त्याच्या पुढ्यात उभं राहावं लागलं. चाल टाकून दिल्यावर गाण्यात काय उरतं? ‘बॉडी अँड सोल’ ऐकताना मी दरवेळी या प्रश्नापाशी येते, आणि दरवेळी थोडी पुढे सरकते.

गाणं जन्मलं मात्र अगदी व्यवहारी निकडीतून. १९२९ साल सरत होतं. जॉनी ग्रीन हा न्यू यॉर्कचा एकवीस वर्षांचा मुलगा हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र शिकला होता, वॉल स्ट्रीटवर काही महिने कारकुनी करून तिला रामराम ठोकला होता, आणि आता गर्ट्रूड लॉरेन्स या इंग्रज नटी-गायिकेला पियानोची साथ करत होता. तिला आपल्या कार्यक्रमांसाठी नवी गाणी हवी होती. वेगवेगळ्या तऱ्हेची हवी होती आणि त्यांत एक काळीज पिळवटणारं हवं होतं: एकतर्फी प्रेमाचं, अमेरिकेत त्या काळी ज्याला टॉर्च साँग म्हणत तसलं. ग्रीनने चाल बांधली. शब्द एडवर्ड हेमन आणि रॉबर्ट सावर यांनी लिहिले, आणि लंडनच्या फ्रँक आयटनचं नावही गीतकारांत आलं. लॉरेन्स ते गाणं घेऊन समुद्रापलीकडे गेली. म्हणून न्यू यॉर्कमध्ये रचलेलं हे गाणं आधी लंडनने उचललं. १९३०च्या फेब्रुवारीत जॅक हिल्टनच्या वाद्यवृंदाने ते ध्वनिमुद्रित केलं. हिल्टनचं हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढे त्याची गाठ पडणार आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रॉडवेवर ‘थ्रीज अ क्राउड’ हा रंगारंग कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात लिबी होलमनने हे गाणं गायलं. मग अमेरिकेतही त्याची लाट आली. पॉल व्हाइटमनचा वृंद, रूथ एटिंग, हेलन मॉर्गन, ॲनेट हॅन्शॉ, सगळ्यांनी वर्षाच्या आत रेकॉर्डी काढल्या. गाण्यातली बाई सांगते, की मी सगळी तुझीच आहे, आणि तुला त्याचं काहीच वाटत नाही. शब्द मला थोर वाटत नाहीत. त्या काळच्या रंगमंचावर असल्या विनवण्या पुष्कळ झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक विरूनही गेल्या. पहिल्या ओळीची चालसुद्धा साधी आहे. शेजारशेजारच्या दोन सुरांमध्ये ती हेलकावे खाते, काही सांगू की नको असं मनात चालल्यासारखी.

मग या गाण्यात होतं काय? ते मधल्या आठ बारांत होतं.

रचना बत्तीस बारांची, म्हणजे तालाच्या बत्तीस छोट्या खणांची आहे. आठ बारांचा एक भाग, तोच पुन्हा, मग वेगळा असा मधला भाग, आणि शेवटी पहिला भाग परत. त्या काळच्या बहुतेक गाण्यांचा साचा हाच. पण ग्रीनने मधल्या भागात जे केलं ते कानाला पहिल्यांदा जाणवतं तेव्हा पायाखालची जमीन हलते. गाणं डी फ्लॅटमध्ये चाललेलं असतं, आणि मधला भाग येताच सगळा डोलारा अर्ध्या स्वराने वर, डी मेजरमध्ये जातो. चार बार तिथे काढून तो सी मेजरमध्ये उतरतो, म्हणजे जिथून निघाला त्याच्याही अर्धा स्वर खाली. आणि मग तीन कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे सूरसमूह, अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली येत, त्याला नेमक्या मूळ जागी आणून सोडतात. आपल्याकडे षड्ज हलत नाही. तंबोरा त्याची राखण करत बसलेला असतो, म्हणून गायकाला कितीही लांब जाता येतं. ग्रीनने षड्जच हलवला, तोही दोनदा, आणि ऐकणाऱ्याला चुटपुट न लागता परत आणला. एकवीस वर्षांच्या मुलाच्या हातून हे झालं. पुढे तो हॉलिवूडला गेला, एमजीएममध्ये संगीत विभागाचा प्रमुख झाला, ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’ आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’साठी ऑस्करचा मानकरी ठरला. तरी माझ्या मते त्या मधल्या आठ बारांइतकं खोल त्याला पुन्हा उतरता आलं नाही.

गायकांना ही जागा अवघड जायची. वादकांना मात्र तिच्यात खेळायला मैदान सापडलं. लुई आर्मस्ट्राँगने १९३०च्या ऑक्टोबरातच लॉस एंजेलिसमध्ये हे गाणं घेतलं, गायलं आणि ट्रंपेटवर वाजवलंही. चाल त्याने सोडली नाही, पण ती सैल केली, तिच्यात श्वास घेतला. १९३५च्या जुलैत बेनी गुडमनने क्लॅरिनेट, पियानो आणि ड्रम्स एवढ्याच तिघांत ते ध्वनिमुद्रित केलं. गुडमन आणि ड्रम्सवरचा जीन क्रूपा गोरे, पियानोवरचा टेडी विल्सन काळा. पुढच्या वर्षी हे तिघे लोकांसमोर एकत्र वाजवायला बसले. ज्या देशात काळ्या-गोऱ्या वादकांनी एका रंगमंचावर बसायचं नाही असा पायंडा होता तिथे ही फार मोठी गोष्ट होती, आणि त्या तिघांच्या पहिल्या ध्वनिमुद्रणांत हे गाणं होतं. १९३८ मध्ये चू बेरी या तरण्या टेनरवाल्याने ते वाजवलं. त्याच्या जोडीला ट्रंपेटवर रॉय एल्ड्रिज होता आणि आपली पाळी येताच त्याने लय दुप्पट करून टाकली. चू बेरी अवघ्या तेहतिसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला. त्याची ती रेकॉर्ड हॉकिन्सच्या सावलीत झाकली गेली. ज्यांना मिळेल त्यांनी ती ऐकावी.

आता हॉकिन्स. मिसूरीतल्या सेंट जोसेफ गावी १९०४ साली जन्म. लहानपणी पियानो शिकला, चेलो शिकला, मग सॅक्सोफोन हाती आला. त्या काळी टेनर सॅक्सोफोनला जॅझमध्ये फारशी प्रतिष्ठा नव्हती. जिभेने फटकारे मारून गमतीचे आवाज काढायचं वाद्य म्हणून लोक त्याच्याकडे पाहत. हॉकिन्सने त्याला भरदार, रुंद, गळ्यातून आल्यासारखा स्वर दिला. चेलोवरून गज फिरवताना सूर जसा तुटत नाही तसा त्याचा श्वास चालतो, असं मला नेहमी वाटतं. आणि चेलोवादक पाब्लो कसाल्सचा तो चाहता होता हे कळल्यावर ते वाटणं पक्कं झालं. फ्लेचर हेंडरसनच्या वृंदात तो दहा-एक वर्षं होता. त्या वृंदाबरोबरच्या भटकंतीत टोलिडो गावी त्याने आर्ट टेटमचा पियानो ऐकला. एका कॉर्डमधून किती कॉर्ड्स उगवू शकतात हे टेटमच्या दोन हातांनी त्याला दाखवलं, आणि ते एका वेळी एकच सूर काढणाऱ्या आपल्या वाद्यावर आणायचा ध्यास त्याने घेतला.

१९३४ मध्ये तो इंग्लंडला गेला. बोलावणारा होता जॅक हिल्टन, हे गाणं सर्वांत आधी रेकॉर्डवर आणणारा तोच. काही महिन्यांसाठी गेलेला हॉकिन्स पाच वर्षं युरोपात राहिला. हिल्टनचा वृंद जर्मनीला निघाला तेव्हा नाझी राजवटीने या काळ्या वादकाला येऊ दिलं नाही. इतरत्र मात्र लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पॅरिसमध्ये त्याने जँगो राइनहार्टच्या गिटारबरोबर वाजवलं, स्वित्झर्लंड-हॉलंडमध्ये वाजवलं. १९३९च्या उन्हाळ्यात युद्धाचे ढग दाटले आणि तो न्यू यॉर्कला परतला. पाच वर्षांत तिथे टेनरवर लेस्टर यंग उभा राहिला होता, बेन वेब्स्टर होता, चू बेरी होता. सगळ्यांचे कान हॉकिन्सकडे लागले होते: म्हातारा आता काय वाजवतो. म्हातारा म्हणजे चौतीस वर्षांचा.

११ ऑक्टोबर १९३९. नऊ जणांचा ताफा घेऊन हॉकिन्स ध्वनिमुद्रणाला गेला. कंपनी आरसीए व्हिक्टर, शिक्का ब्लूबर्डचा. या रेकॉर्डी ३५ सेंटना मिळत, म्हणजे गरिबालाही परवडत. ठरलेली गाणी झाली. मग कंपनीच्या लिओनार्ड जॉयने आग्रह धरला, की तू क्लबात वाजवतोस ते ‘बॉडी अँड सोल’ही होऊन जाऊ दे. हॉकिन्सच्या मनात ते नव्हतं. बांधणी लिहिलेली नव्हती, तयारी नव्हती. पण उभा राहिला. जीन रॉजर्सने पियानोवर चार बारांची सुरुवात केली आणि हॉकिन्स आत आला. एकदाच वाजवलं, तेच ठेवलं.

मी ते किती वेळा ऐकलं याचा हिशोब नाही. सुरुवातीला तो चालीचे एक-दोन बार आपल्या पद्धतीने, जरा बगल देत म्हणतो. ओळखीच्या माणसाने दारातून मान डोलावून आत यावं तसं. आणि मग बत्तीस बारांची दोन आवर्तनं, चौसष्ट बार, तो एकटा बोलत राहतो. पहिल्या आवर्तनात मागे फक्त पियानो, बास आणि ड्रम्स, तेही दबकून. दुसऱ्यात बाकीची वाद्यं लांबट सूर धरून आधार देतात. हॉकिन्सचा स्वर सुरुवातीला जवळजवळ कुजबुजीचा आहे. हळूहळू वाक्यं लांबतात, वर चढतात, एका कॉर्डमधून दुसरीत जाताना मधल्या अशा सुरांना स्पर्श करतात, जे तिथे असायला नकोत असं त्या काळच्या पुष्कळांना वाटलं. लोक मला चुकीचे सूर वाजवतो म्हणायचे, असं हॉकिन्सने नंतर सांगितलं. दुसऱ्या आवर्तनाच्या शेवटच्या आठ बारांपर्यंत तो आवाज इतका वाढवत नेतो की आता वाद्य फाटेल असं वाटतं. आणि मग दोन-चार वाक्यांत सगळं खाली आणून, साथ थांबवून, एकट्याने उतरत जातो.

मी ख्याल ऐकत वाढले. त्यामुळे मंकचा प्रश्न पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्यात फार अडचण दिसेना. बंदिशीचा मुखडा एकदा मांडला की पुढचा पाऊण तास आपण मुखडा ऐकायला थोडेच बसलेले असतो? बढत ऐकायला बसलेले असतो. पण थोडा विचार केला की फरक कळतो, आणि मला तो साम्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. ख्यालात मुखडा परत येतो. गायक कितीही दूर गेला तरी समेवर येताना तो मुखडा धरून येतो, आणि आपण मान हलवतो. त्या परतीवर आपलं सगळं सुख उभं आहे. हॉकिन्स मुखड्याकडे परत येत नाही. त्याने धरून ठेवलं आहे ते न वाजणाऱ्या गोष्टीला, म्हणजे चालीखालून वाहणाऱ्या कॉर्ड्सच्या क्रमाला. तो मधल्या आठ बारांत येतो तेव्हा ग्रीनची चाल कुठेही नसते, तरीही जमीन अर्ध्या स्वराने सरकते आणि अंगावर तोच काटा येतो. चाल पुसली तरी गाण्याचं दुःख जागेवर आहे. याचा अर्थ ते दुःख चालीत कधी नव्हतंच. ते त्या सरकण्यात होतं. ज्यांनी ३५ सेंट देऊन ती तबकडी घेतली, त्यांना कॉर्ड्स कळत नव्हत्या. पण गाणं त्यांना नऊ वर्षं पाठ होतं. हॉकिन्स वाजवत असताना चाल त्यांच्या मनात चालू होती. तो जे बोलत होता ते त्या मनातल्या चालीला दिलेलं उत्तर होतं. मंकला माझं हेच उत्तर आहे: चाल रेकॉर्डमध्ये नव्हती, ऐकणाऱ्यांकडे होती.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या रसिकाला लगेच कळेल. तीन मिनिटांची ती तबकडी. आपल्या थोर गायकांनाही त्या तबकडीने बांधून घातलं होतं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तिच्यात राग मावेल तेवढा बसवला आणि मावला त्याहून मोठा वाटायला लावला. गोव्याच्या केरीतल्या केसरबाई केरकरांची भैरवी साडेतीन मिनिटांच्या आसपासची. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीतून ती अवकाशात गेली, आणि तिच्या सोबतीला त्याच तबकडीत लुई आर्मस्ट्राँगचंही वादन आहे. या तिघा-चौघांना एका ओळीत बसवताना मला संकोच वाटत नाही. जागा थोडी असली की काय टाकायचं हे ठरवावं लागतं, आणि कलावंताची पारख तिथेच होते. हॉकिन्सने चाल टाकली.

इथे एक गोष्ट मला सलते. गाण्याच्या प्रत्येक रेकॉर्डीमागे रचनाकार म्हणून मानधन मिळत आलं ते ग्रीन आणि त्या तिघा गीतकारांच्या नावे. ते रास्तच आहे. पण हॉकिन्सच्या रेकॉर्डवर त्या चौसष्ट बारांतला जवळजवळ प्रत्येक सूर हॉकिन्सचा आहे, आणि कायद्याच्या लेखी तो रचनाकार नाही, वादक आहे. १९४४ मध्ये त्याने याच कॉर्ड्सवर पुन्हा एक तुकडा वाजवला आणि त्याला ‘रेनबो मिस्ट’ असं नवं नाव दिलं. तेव्हा ती रचना त्याची झाली. जॅझवाल्यांत ही युक्ती पुढे सर्रास चालली, कारण कॉर्ड्सच्या क्रमावर कुणाची मालकी लागत नसे. मला विचाराल तर १९३९ची ती तीन मिनिटंसुद्धा रचनाच आहे, आणि ती हॉकिन्सची आहे.

लोकांनी तिला तसंच वागवलं, याचा पुरावाही आहे. एडी जेफरसन नावाच्या गायकाने हॉकिन्सच्या वादनातल्या एकेका सुराला शब्द बसवले आणि ते गाऊ लागला. शब्द हॉकिन्सच्या थोरवीचे. वाद्याने टाकून दिलेलं गाणं अशा रीतीने पुन्हा माणसाच्या गळ्यात आलं, पण येताना चाल बदलून आलं! १९७९ मध्ये मॅनहॅटन ट्रान्सफर या चौघांच्या चमूने तेच गायलं, हॉकिन्स आणि जेफरसन या दोघांच्या स्मरणार्थ. त्याच वर्षी मे महिन्यात डेट्रॉइटच्या एका क्लबबाहेर जेफरसनला कुणीतरी गोळी घालून मारलं होतं.

पोरसवदा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची गोष्ट मला फार जवळची वाटते. कॅन्सस सिटीत मोठ्या वादकांच्या बैठकीत हा घुसला आणि ‘बॉडी अँड सोल’मध्ये दुप्पट लय करायला गेला. सगळे हसले. तो घरी जाऊन रडला आणि तीन महिने वाद्याला शिवला नाही, असं त्यानेच नंतर सांगितलं. त्याचं उपलब्ध असलेलं अगदी सुरुवातीचं ध्वनिमुद्रण साधारण १९४०चं, घरगुती, एकट्याने वाजवलेलं. त्यातही हे गाणं आहे. ज्या गाण्यापायी हसं झालं त्याच गाण्याकडे तो परत गेला होता.

बायका या गाण्याकडे येतात तेव्हा चाल घेऊन येतात. बिली हॉलिडेने ते १९४० मध्ये गायलं, हॉकिन्सची रेकॉर्ड गाजत असतानाच. ती एक सूर वाढवत नाही. उलट कमी करते, शब्द ठेक्याच्या मागे ठेवते, आणि मला थोर न वाटलेले ते शब्द तिच्या तोंडी खरे होतात. १९४२ मध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरात हौशी गायकांच्या स्पर्धेत अठरा वर्षांच्या सारा व्हॉनने हेच गाणं निवडलं, बक्षीस मिळवलं आणि तिचं आयुष्य बदललं.

हार्लेममधलाच आणखी एक मुलगा, पुढे टेनरवाला झालेला. हॉकिन्सची रेकॉर्ड निघाली तेव्हा सनी रोलिन्स नऊ वर्षांचा होता. हॉकिन्स त्याच वस्तीत राहायचा, आणि हा पोरगा फोटोवर सही मिळवायला त्याची वाट पाहत थांबायचा. १९५८ मध्ये रोलिन्सने ‘बॉडी अँड सोल’ पूर्ण एकट्याने वाजवलं, पियानो नाही, बास नाही, ड्रम्स नाहीत. हॉकिन्सने चाल टाकली होती, याने साथही टाकली. कॉर्ड्स आता कुठेच वाजत नाहीत, फक्त एका सुरामागून दुसरा सूर येतो त्या ओढीत कळतात. १९६२च्या ऑक्टोबरात त्याने हॉकिन्सला पत्र लिहून आपलं सगळं ऋण मोकळ्या मनाने मांडलं, आणि पुढच्या वर्षी गुरूशिष्यांनी समोरासमोर उभं राहून एक रेकॉर्ड केली. हाच रोलिन्स साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईला आला आणि पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिला. १९७८ मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा तो पुन्हा आला, या वेळी वाजवायला. पवईच्या रस्त्याने जाताना मला हटकून आठवतं, की हॉकिन्सच्या सहीसाठी ताटकळलेला मुलगा इथे राहून गेला आहे.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं १९६०चं वादन मी मान देऊन ऐकते, पण त्याबद्दल फार लिहिणार नाही. त्याने कॉर्ड्सच बदलल्या, मधल्या आठ बारांत आपली नवी गुंतागुंत आणली. अभ्यासकांना त्यात पुष्कळ आहे. माझं मन तिथे स्थिरावत नाही.

स्थिरावतं ते २०११च्या मार्चमधल्या एका ध्वनिमुद्रणापाशी. लंडनचा ॲबी रोड स्टुडिओ. एका बाजूला चौऱ्याऐंशी वर्षांचा टोनी बेनेट, दुसऱ्या बाजूला सत्तावीस वर्षांची एमी वाइनहाउस. असिफ कपाडियाच्या ‘एमी’ या माहितीपटात त्या दिवसाची दृश्यं आहेत. ती घाबरलेली आहे, मध्येच थांबते, आपल्याला जमत नाही म्हणून स्वतःवर चिडते, आणि बेनेट तिला घाई न करता, आपुलकीने धीर देतो. जिची गाणी कोट्यवधी लोक ऐकत होते ती मुलगी या एका जुन्या गाण्यापुढे आणि या एका जुन्या गायकापुढे परीक्षेला बसल्यासारखी उभी आहे. आणि मग ती गाते. बिली हॉलिडेकडून शिकलेलं मागे रेंगाळणं आहे, पण खरखर तिची स्वतःची. जुलैमध्ये ती गेली. हे तिचं अखेरचं स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण. सप्टेंबरात तिच्या जन्मदिवशी ते प्रसिद्ध झालं आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. गाणं लंडनमध्ये पहिल्यांदा गाजून तोवर एक्क्याऐंशी वर्षं झाली होती.

१९३९च्या त्या नऊ जणांपैकी बाकीच्यांची नावं कुणी घेत नाही, म्हणून एकाचं तरी घेते. बासवर विल्यम ऑस्कर स्मिथ होता. पुढे तो प्राध्यापक झाला, टेनेसीतल्या नॅशव्हिलला स्थायिक झाला, आणि १९८४ मध्ये तिथे त्याच्या नावाने गरीब घरच्या मुलांसाठी संगीतशाळा निघाली. एका शिकवणीची फी ५० सेंट. हॉकिन्स स्वतः १९६९ मध्ये गेला. त्याची ती रेकॉर्ड अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतली आहे. अमेरिकेत ९५ वर्षं झाली की जुनी प्रकाशित गाणी मालकीतून सुटतात. त्या नियमाने ग्रीनचं गाणं १ जानेवारी २०२६ पासून तिथे सर्वांचं झालं. हॉकिन्सच्या ध्वनिमुद्रणाला मात्र २०४० उजाडावं लागेल.

तुम्ही हे गाणं कधी ऐकलं नसेल तर एक विनंती. थेट हॉकिन्सकडे जाऊ नका. आधी बिली हॉलिडे ऐका, दोन-चार दिवस ऐका, चाल गुणगुणता येईपर्यंत. मग १९३९ची रेकॉर्ड लावा, आणि हॉकिन्स वाजवत असताना मनातल्या मनात बिलीची चाल म्हणत राहा, अगदी शेवटपर्यंत.